तंबूतली सावड

गेल्या मे महिन्यात पुण्यातल्या एका व्याख्यानाच्या शेवटी माझ्या एका जुन्या अर्थशास्त्री मित्राने ड्यूक विद्यापीठातल्या पोरांचं उदाहरण दिलं आणि सगळं सभागृह हसलं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात डरॅम नावाचं शहर आहे. तिथल्या या नामांकित विद्यापीठाचे विद्यार्थी बास्केटबॉलच्या एका सामन्यासाठी ऐन जानेवारीत हिरवळीवर तंबू ठोकतात आणि सहा-सहा आठवडे तिथे झोपतात. प्रवेश त्यांना फुकट असतो, म्हणून किंमत वेळेत मोजावी लागते. पैशात मोजलेली किंमत निदान कुणाच्या तरी हाती पडते. वेळेत मोजलेली नुसती जळून जाते. विद्यापीठाने त्या जागांचा सरळ लिलाव केला, तर आलेल्या पैशातून गरजू मुलांना शिष्यवृत्त्या देता येतील आणि बाकीची मुलं आपापल्या खोलीत उबेला बसून अभ्यास करतील. एवढं मांडून त्याने हात पसरले आणि विचारलं, इतकी हुशार मुलं इतकं साधं गणित का करत नाहीत?

मी तिसऱ्या रांगेत होते आणि मला हसू आलं नाही. माझी भाची त्यातल्याच एका तंबूत राहिलेली आहे. मित्राच्या बोलण्यातली चूक मला जाणवत होती, पण शब्दांत धरता येत नव्हती, म्हणून त्या संध्याकाळी मी गप्प राहिले. हा लेख त्याला दिलेलं उत्तर आहे. तो लिहिताना माझं स्वतःचं मतही जागेवरून हललं, तेही लपवणार नाही.

आधी जागा नीट पाहू. ड्यूकचे सामने होतात ते कॅमरन इनडोअर स्टेडियम जानेवारी १९४० मध्ये उघडलं. बाहेरून दगडी, आतून आटोपशीर. माणसं मावतात ९,३१४. ड्यूकमध्ये पदवीचं शिक्षण घेणारे विद्यार्थी साडेसहा हजारांच्या घरात, आणि त्यांच्या वाट्याच्या जागा सुमारे बाराशे. पण त्या बाराशे जागा आहेत कुठे? मैदानाला अगदी खेटून. खेळाडू रेषेबाहेरून चेंडू आत टाकायला उभा राहिला, की विद्यार्थ्यांचे पसरलेले हात त्याच्या पाठीपासून वीतभर अंतरावर असतात. मुलं पूर्ण सामना उभ्याने बघतात. मोठमोठ्या देणग्या देऊन ज्यांनी हंगामाची तिकिटं मिळवली आहेत, ते ‘आयर्न ड्यूक्स’ या दात्यांच्या संस्थेचे सदस्य वरच्या खुर्च्यांवर बसतात. सर्वांत जवळची जागा पैसे न देणाऱ्याला आणि लांबची पैसे देणाऱ्याला, अशी ही मांडणी आहे. खेळाच्या धंद्यात ती विरळाच.

समोरची हिरवळ म्हणजे शशेफ्स्कीव्हिल. १९८० ते २०२२ अशी बेचाळीस वर्षं ड्यूकचे प्रशिक्षक असलेले आणि पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारे माइक शशेफ्स्की यांच्यावरून पडलेलं नाव. मुलं नुसतं ‘के-व्हिल’ म्हणतात. तंबूंची प्रथा १९८६ पासूनची. सगळा जीव असतो तो एका सामन्यात, शेजारच्या चॅपल हिलमधल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाविरुद्धच्या. दोन्ही आवारांत जेमतेम दहा मैलांचं अंतर. एक खासगी, दुसरं सरकारी. एकाचा निळा गडद, दुसऱ्याचा आकाशी.

तंबूंचे नियम विद्यार्थीच करतात आणि विद्यार्थीच राबवतात. वर्षानुवर्षं चालत आलेला त्यांचा ढाचा असा: एका तंबूत बारा जण. सर्वांत आधी लागतो तो काळा तंबू. त्यात दिवसा दोघांनी आणि रात्री दहा जणांनी हजर असायचं. मग निळा, दिवसा एक, रात्री सहा. शेवटी पांढरा, दिवसा एक, रात्री दोन. ‘लाइन मॉनिटर’ म्हणून नेमलेली मुलं वेळीअवेळी भोंगा वाजवतात आणि हजेरी घेतात. एकदा चुकलं तर ताकीद, पुन्हा चुकलं तर तंबू रांगेच्या शेपटाला. थंडी फारच वाढली तर ‘ग्रेस’ जाहीर होते आणि सगळ्यांना खोलीवर जाऊन झोपायची मुभा मिळते.

माझ्या मित्राने व्याख्यानात आठवडे सांगितले, तापमान सांगितलं, जागा सांगितल्या. बारा हा आकडा त्याच्या तोंडून आला नाही. त्याच्या गोष्टीत एक मुलगा होता, एक तंबू होता आणि एक तिकीट होतं.

माझी बहीण केरीला राहते. डरॅमपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आतबाहेर असलेल्या या गावात मराठी घरं आता इतकी झाली आहेत, की गणपतीत आरतीला कुणाकडे जायचं हा प्रश्न पडतो. मी तिच्याकडे गेले होते तेव्हा भाची निळ्या तंबूत होती. रात्री दहाच्या सुमाराला आम्ही थालीपीठं घेऊन हिरवळीवर गेलो. आत स्लीपिंग बॅगांची रास, ओल्या मोज्यांचा वास, आणि कापडाला आतून टाचणीने लावलेला एक कागद. त्यावर बारा नावं, दिवस, तास. खाडाखोड इतकी, की मूळ वेळापत्रक शोधून काढावं लागत होतं. कुणाची रसायनशास्त्राची परीक्षा, म्हणून त्याची मंगळवारची रात्र दुसऱ्याने घेतलेली. त्या दुसऱ्याचा रविवार तिसरीने उचललेला. आणि कडेला बारीक अक्षरात कोण कुणाचे किती तास लागतो त्याचा हिशेब. माझी भाची घरी स्वतःची ताटली उचलत नाही म्हणून बहीण वर्षानुवर्षं बोलत आली आहे. ती पोर तिथे भोंग्याकडे कान लावून, दुसऱ्याच्या वाट्याच्या रात्री जागी बसली होती.

याला आपल्याकडे शब्द आहे: सावड. एकाच्या शेतात पेरणी असली की बाकीच्यांनी आपापले बैल आणि हात घेऊन जायचं. उद्या त्याने आपल्याकडे यायचं. पैसा मध्ये येत नाही, आणि तरीही हिशेब पक्का असतो. आठवण ठेवली जाते, न आलेल्याची तर नक्कीच. के-व्हिलचा तंबू ही वेळेची सावड आहे. त्यात मोजलेला तास जळत नाही; तो कुणाच्या तरी नावावर जमा होतो.

मित्राचा युक्तिवाद काही नवा नाही. योराम बार्झेलने १९७४ मध्ये रांगेने होणाऱ्या वाटपाचं गणित मांडलं, आणि वस्तू फुकट ठेवली की तिची किंमत वाट पाहण्यात फुकट जाते हे दाखवलं. पण तीनच वर्षांनी, १९७७ मध्ये, मार्टिन वाइट्झमनने विचारलं की खऱ्या गरजवंतापर्यंत वस्तू पोचवायला किंमत चांगली की वाटप? त्याचं उत्तर साधारण असं: लोकांच्या उत्पन्नात तफावत फार असेल, तर किंमत गरजेऐवजी खिसा मोजू लागते आणि वाटप सरस ठरतं. बाजाराने प्रत्येक गोष्टीत शिरू नये, हे तत्त्वज्ञ मायकेल सँडेलचं म्हणणं तर वाचकांच्या परिचयाचं आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या फुकट नाटकाच्या रांगेत भाडोत्री माणसं उभी करणाऱ्यांवर त्याने २०१२ च्या पुस्तकात लिहिलं. या सगळ्यांना मी इथेच नमस्कार करते, कारण माझ्या मित्राने ज्याचा हवाला दिला, तो अभ्यास मला जास्त खोल जाणारा वाटतो.

तो अभ्यास झिव्ह कार्मोन आणि डॅन अ‍ॅरिएली यांचा, २००० सालचा. पुढे अ‍ॅरिएलीने आपल्या २००८ च्या लोकप्रिय पुस्तकात तो गोष्टीसारखा सांगितला आणि जगभर पोचवला. ड्यूकमध्ये काही मोठ्या सामन्यांच्या वेळी तंबूत राहूनही तिकिटाची खात्री नसे. शेवटी सोडत निघे. सगळे सारखेच थंडीत झोपलेले, पण काहींना तिकीट लागलं, काहींना नाही. या दोघांनी शंभरावर विद्यार्थ्यांना फोन केले. ज्यांना तिकीट लागलं नव्हतं त्यांना विचारलं, विकत घ्यायला किती द्याल? ज्यांना लागलं होतं त्यांना विचारलं, विकायचं झालं तर किती घ्याल? घेणाऱ्यांची सरासरी १७० डॉलरच्या आसपास, विकणाऱ्यांची सुमारे २,४०० डॉलर. घेणारा जे द्यायला तयार होता त्या भावात विकायला एकही जण तयार नव्हता.

मित्राने हे आकडे फळ्यावर लिहिले आणि म्हणाला, बघा, चौदा पट. कालपर्यंत सारखेच असलेले दोन विद्यार्थी. चिठ्ठी निघाली आणि एकाच्या लेखी त्या कागदाची किंमत चौदा पट झाली. हा भ्रम आहे, आणि ज्याला विद्यापीठ निष्ठा म्हणतं ती या भ्रमावर उभी आहे.

मी या आकड्यांपाशी बरेच दिवस घालवले. हाती असलेली वस्तू माणसाला मौल्यवान वाटते, हे रिचर्ड थेलरने १९८० मध्येच सांगितलं होतं. १९९० मध्ये डॅनिएल काहनेमन, जॅक नेट्श आणि थेलर यांनी कॉफीच्या मगांवर त्याचे प्रयोग छापले. ज्यांच्या हातात मग दिला होता, ते लोक तो विकायला साधारण दुप्पट किंमत मागत होते. मगाला दुप्पट, तिकिटाला चौदा पट. मालकीचा भ्रम दोन्हीकडे तोच असेल, तर मधला फरक कुठून आला?

माझं पहिलं उत्तर होतं: तंबूतून. मगासाठी कुणी कुणाची रात्र जागलेलं नसतं. पण हे उत्तर टिकत नाही, आणि ते का टिकत नाही हे मला आठवडाभर कळलं नव्हतं. तंबूत तर दोघेही राहिले होते! ज्याने १७० सांगितले तोही तितकाच गारठला होता. तंबूने जर तिकिटाची किंमत वाढवली असेल, तर ती दोघांसाठीही वाढायला हवी.

मग मी अ‍ॅरिएलीने दिलेली विद्यार्थ्यांची उत्तरं पुन्हा वाचली. तिकीट न लागलेला मुलगा हिशेब करतो की एवढ्या पैशांत बाहेर खाणंपिणं होईल, सामना टीव्हीवर दिसेलच. तिकीट लागलेला म्हणतो की ही आठवण मी मुलानातवंडांना सांगेन. कार्मोन आणि अ‍ॅरिएली यातून म्हणतात की माणूस जे गमावणार त्याच्याकडे बघतो: विकणाऱ्याला अनुभव गमवायचा असतो, घेणाऱ्याला पैसे. हे बरोबर आहे. पण मला वाटतं, त्यात अजून एक गोष्ट आहे. त्या दोन मुलांना एकाच वस्तूची किंमत विचारलेलीच नव्हती. एकाला विचारलं, तू सगळ्यांबरोबर थंडीत राहून मिळवलेलं देशील का? दुसऱ्याला विचारलं, तू सगळ्यांबरोबर थंडीत राहून न मिळालेलं पैसे टाकून उचलशील का? पहिल्याने २,४०० म्हणून नकार दिला, दुसऱ्याने १७० म्हणून नकार दिला. दोघांनीही एकच सांगितलं, की ही गोष्ट या रस्त्याने हात बदलत नाही. आपल्याकडे कुणी सुनेला विचारलं, सासूबाईंनी दिलेली पाटली किती घेऊन विकशील, तर ती आकडा सांगेलही. पण तो आकडा म्हणजे बाजारभाव नव्हे, विषय संपवण्याची रीत असते.

नुसत्या सरासरीच्या दोन आकड्यांवरून माझं वाचन सिद्ध होत नाही, हे मी जाणते. मित्राचंही होत नाही. पण त्याच्या वाचनातून लिलाव निघतो आणि माझ्यातून तंबू, म्हणून हा वाद शब्दांचा नाही.

त्याच्याच गोटातला एक माणूस मी त्याच्यासमोर ठेवते. शिकागोचा गॅरी बेकर. लग्नापासून गुन्ह्यापर्यंत सगळ्याला किमतीचं गणित लावणारा. १९९१ मध्ये त्याने एक छोटं टिपण लिहिलं. एका लोकप्रिय हॉटेलाबाहेर रोज रांग लागते, समोरचं जवळपास तसंच हॉटेल रिकामं असतं, तरी पहिलं हॉटेल भाव का वाढवत नाही? त्याने त्यात सामन्यांच्या आणि नाटकांच्या तिकिटांचाही विचार केला. त्याचं उत्तर असं, की काही वस्तूंची मागणी दुसरे किती जण मागताहेत यावर उभी असते. भाव वाढवून रांग घालवली, तर रांगेबरोबर ओढही जाते. बेकरने हे गृहीतक म्हणून मांडलं. कॅमरनमध्ये त्याची गरजही उरत नाही. तिथे वरच्या खुर्चीवरचा दाता देणगी मोजतो ती खालच्या बाराशे मुलांच्या गर्जनेसाठी. दूरचित्रवाणीचा कॅमेरा खेळाडूंइतकाच त्यांच्यावर फिरतो. त्या जागा लिलावात विकल्या, तर वरच्या खुर्चीचीही किंमत पडेल.

याचा दाखला दहा मैलांवर आहे. चॅपल हिलमध्ये १८ जानेवारी १९८६ ला डीन स्मिथ सेंटर उघडलं, पहिला सामना ड्यूकशीच. वीस हजारांहून जास्त जागांचं हे प्रचंड सभागृह दात्यांच्या पैशातून उभं राहिलं, आणि मैदानाजवळच्या खालच्या जागांपैकी बहुतेक त्यांना दिल्या गेल्या. विद्यार्थी वर आणि लांब. देणगी देणारा माणूस उभा राहून ओरडत नाही. कामावरून येतो, बसून बघतो, शेवटच्या पाच मिनिटांत गाडी काढायला निघतो. १९९१ मध्ये फ्लोरिडा स्टेटचा खेळाडू सॅम कॅसेल तिथे जिंकून गेला आणि म्हणाला, ही तर चीज आणि वाइनवाली गर्दी आहे. तो शेरा त्या विद्यापीठाला इतका झोंबला की आजही लोकांच्या ओठावर आहे. पुढे बास्केटमागे विद्यार्थ्यांना उभं राहायला जागा करून द्यावी लागली. विकलेली जागा परत मिळवणं किती जड जातं, ते तिथे दिसतं.

त्या खालच्या जागांमागे अमेरिकी करदात्याचाही हात होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे कायदाच होता, की तिकिटाचा हक्क मिळवायला विद्यापीठाला दिलेल्या देणगीच्या ८० टक्के रकमेवर करसवलत घ्यावी. २०१७ च्या करकायद्याने ती काढली. म्हणजे तीस वर्षं जो सामना बघायला कधी गेला नाही, तोही दुसऱ्याच्या खुर्चीला हातभार लावत होता. माझ्या मित्राला तंबूतली नासाडी दिसते, ही कशी दिसली नाही?

इथवरचा मजकूर मी भाचीला फोनवर वाचून दाखवला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, “मावशी, तंबूत कोण होतं ते तू लिहिलंस. कोण नव्हतं?”

या प्रश्नाने माझा अर्धा लेख पाडला. वेळ सगळ्यांना सारखाच, दिवसाचे चोवीस तास, असं मी मनात धरून चालले होते. पण ज्या मुलीला संध्याकाळी ग्रंथालयात किंवा खानावळीत काम करून खर्च भागवायचा आहे, तिचे चोवीस तास आणि वडिलांच्या पैशावर शिकणाऱ्याचे चोवीस तास सारखे नाहीत. दम्याचा त्रास असलेल्या मुलाची रात्र सारखी नाही. जिथे नुसती वर्षाची शिकवणी फी साठ हजार डॉलरांच्या वर गेली आहे, तिथे मोकळा वेळ ही श्रीमंतीच आहे. वाइट्झमनचा तर्क इथे उलटा माझ्याच अंगावर येतो: किंमत खिसा मोजते, तशी सहा आठवड्यांची रांग फुरसत मोजते. फुरसत आणि निष्ठा यांत मी गल्लत केली होती.

सावड इथे थोडी मदत करते. पांढऱ्या तंबूत रात्री बारांपैकी दोघंच लागतात. कामावर जाणाऱ्या मुलीला बाकीचे अकरा जण सांभाळून घेऊ शकतात, आणि ती सोयीच्या वेळी तास फेडू शकते. काळ्या तंबूत रात्री दहा लागतात. दोघांना सूट मिळाली की संपलं. तिथे सावड उरतच नाही, वेठ उरते. मी व्याख्यानानंतर महिनाभर ज्या काळ्या तंबूंचं मनातल्या मनात समर्थन करत होते, त्यांचं आता करत नाही. लांब मुक्कामाने निष्ठा वाढते असा समज तिथे आहे, आणि मुलंही त्याचा अभिमान बाळगतात. मला वाटतं, निष्ठा मुक्कामाच्या लांबीतून येत नाही, हिशेब ठेवावा लागण्यातून येते. आणि त्यासाठी बारा माणसं आणि त्यांच्यात थोडी ढील लागते.

ड्यूकमध्येच याचं दुसरं रूप आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी सप्टेंबरात एकाच शनिवार-रविवारचा, दीड दिवसाचा मुक्काम असतो. रात्री-बेरात्री हजेरी होते, टिकून राहिलेल्यांची नावं सोडतीत जातात, आणि ज्यांचं नाव निघेल त्यांना हंगामाचं तिकीट विकत घेण्याचा हक्क मिळतो. भारतातून नुकताच आलेला, बास्केटबॉलचे नियमही नीट न कळणारा विद्यार्थी त्या दोन दिवसांत पहिल्यांदा त्या गावचा होतो.

आणि कॅन्सस. बास्केटबॉलचा जनक जेम्स नेस्मिथ १८९८ मध्ये ज्या विद्यापीठात आला, तेच हे. तिथलं अ‍ॅलन फील्डहाउस १९५५ चं, जागा पंधरा हजारांहून जास्त. तिथेही विद्यार्थी ‘कँपिंग’ करतात, पण गटागटाने. गटांचा क्रम सोडतीने ठरतो. दिवसा हजेरीच्या वेळी गटातलं एक माणूस इमारतीत हजर असलं की पुरे, आणि रात्री सगळे घरी झोपतात. खोलीत वह्या उघडून बसलेली मुलं, मधूनच नाव पुकारलं जातं, एकजण हात वर करतो. त्याचं छायाचित्र के-व्हिलच्या बर्फातल्या तंबूंसारखं निघत नाही. पण कामावर जाणारी मुलगी त्यात बसते. कॅन्ससच्या सभागृहातला आवाज अमेरिकेतल्या कुठल्याही सभागृहापेक्षा कमी आहे, असं तर कुणी म्हणत नाही.

माझं मत हललं ते एवढंच. लिलावाकडे ते गेलं नाही, आणि सध्या जो तिसरा मार्ग लोकप्रिय होतो आहे, त्याकडे तर मुळीच नाही. तो आहे गुणांचा. विद्यार्थ्याने फोनवर विद्यापीठाचं अ‍ॅप घ्यायचं. व्हॉलीबॉलला गेलात, इतके गुण. महिलांच्या बास्केटबॉलला गेलात, इतके. गुण साठले की पुरुषांच्या मोठ्या सामन्याचं तिकीट आधी मिळणार. याला सरळ ‘लॉयल्टी पॉइंट’ म्हणतात. हा प्रकार मला चीड आणतो. त्यात मुलींचा सामना हा मुलांच्या सामन्याचा जकातनाका होतो. दारात कोड दाखवायचा, गुण जमा झाले की मागच्या दाराने निघायचं. जिने वर्षानुवर्षं पहाटे उठून सराव केला, तिच्यासमोर अशी गर्दी बसवणं हा तिचा अपमान आहे. आयोवा विद्यापीठात केटलिन क्लार्क खेळत होती, तेव्हा २०२३-२४ च्या महिलांच्या हंगामाची सगळी तिकिटं हंगामाआधीच संपली. कार्व्हर-हॉकआय अरीनाच्या जवळजवळ पंधरा हजार जागा तिच्या खेळाने भरल्या. फोनमधल्या गुणांनी नाही. आणि त्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक विद्यार्थी एकटा असतो. तिथे कुणी कुणाचा तास लागत नाही.

माझ्या मित्राच्या प्रश्नाला आता एक तातडीही आली आहे. ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ज्या तडजोडीला मान्यता दिली, तिच्यामुळे अमेरिकी विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला साधारण दोन कोटी पाच लाख डॉलर. खेळाडूंना त्यांच्या श्रमाचा मोबदला मिळायलाच हवा होता, आणि फार उशिरा मिळाला. पण तो पैसा कुठून तरी काढावा लागणार. हिशेबनीस ज्या दिवशी कॅमरनचा नकाशा टेबलावर पसरतील, त्या दिवशी त्यांची नजर मैदानाला खेटून असलेल्या फुकट बाराशे जागांवर पडणारच. खेळाडूचं ऋण फेडायला विद्यार्थ्याची जागा विकायची, हा युक्तिवाद ऐकायला न्यायाचा वाटेल. माझ्या मित्राचं व्याख्यान तिथे कुणी तरी शब्दशः देईल.

त्याने शेवटी आणखी एक मुद्दा टाकला होता, तो राहिला. म्हणाला, या पोरांना शेवटी मिळतं काय? एक सामना. तोही वाईट निघाला तर?

निघतो. २० फेब्रुवारी २०१९. ड्यूकचा तेव्हाचा गाजलेला खेळाडू झायन विल्यमसन याचा खेळ बघायला बराक ओबामा कॅमरनमध्ये आले होते, बाहेर एका तिकिटाचा भाव हजारो डॉलरांवर गेला होता. सामना सुरू होऊन ३६ सेकंद झाले आणि विल्यमसनचा बूट उसवला, गुडघा दुखावला, तो बाहेर गेला. ड्यूक ८८-७२ असं हरलं. ५ मार्च २०२२ ला शशेफ्स्कींचा कॅमरनमधला शेवटचा सामना होता, तोही ड्यूक ९४-८१ ने हरलं. बाजाराच्या हिशेबात दोन्ही वेळा माल खोटा निघाला. २०१९ नंतरच्या जानेवारीत हिरवळीवर पुन्हा तंबू लागले. २०२०-२१ च्या हंगामात साथीमुळे प्रेक्षकच नव्हते. त्या हंगामात ड्यूकने एकूण १३ सामने जिंकले आणि ११ हरले, आणि राष्ट्रीय स्पर्धेत त्यांचं नाव लागलं नाही. ते पोरांच्या गर्जनेवाचून झालं असं मी म्हणणार नाही. संघही कच्चा होता. पण त्या वर्षी प्रेक्षकांच्या जागी ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या प्रतिमांपुढे खेळणाऱ्या कुठल्याही संघाला विचारा, मैदानाच्या कडेची जागा कुणाची असते.

भाचीचाही सामना ड्यूक हरलं. आता ती नोकरीला सिअ‍ॅटलला असते. तंबूतल्या मुलांना आत सोडताना कागदी तिकीट दिलं जात नाही. मनगटावर पट्टा बांधतात आणि ओळखपत्र बघतात, त्यामुळे विकण्याजोगं तिच्यापाशी काहीच उरलेलं नाही. पट्टा तिने त्याच रात्री कापून टाकला. फ्रिजवर चुंबकाने लावलेला आहे तो तंबूतला कागद, पावसाने शाई फुटलेला. त्यावर तिच्या नावापुढे चार तास अजून बाकी दिसतात. ते ज्याचे आहेत तो मुलगा गेल्या डिसेंबरात बोस्टनहून घर बदलून तिच्या गावी आला, तेव्हा ती सकाळी सात वाजता त्याची खोकी उचलायला गेली होती.